मोबाईलवरचा वर्ग आणि धुऱ्यावरचा प्रश्न



२०२० च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजे बंद पडली आणि शिक्षण मोबाईलवर आले. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईलवरचा वर्ग काही गेला नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठी आहे आणि तिथे कृषि शिक्षणही मिळते. केंद्र सरकारचे 'स्वयम्' २०१७ साली सुरू झाले. गिरडच्या पोरा-पोरींना वावर सांभाळून शिकता येते, ही चांगलीच गोष्ट झाली.

पण नुसता व्हिडिओ पाहिला म्हणजे शिकणे झाले, असे आम्ही मानत नाही. वर्गात पोराचा चेहरा पाहून गुरुजी ओळखतात, की याला समजले नाही. मोबाईलवर तसे होत नाही. तिथे आपणच विचारावे लागते, आणि तेही नीट.

नीट म्हणजे कसे? "ऊस पिवळा पडला, काय मारू?" या प्रश्नाला कोणताही तज्ज्ञ काय उत्तर देणार? खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी असण्याचा संभव. पाणी साचूनही ऊस पिवळा पडतो. म्हणून जात कोणती, लावण की खोडवा, वय किती, जमीन कशी, पाणी केव्हा दिले, कोणती पाने पिवळी, हे चार-पाच ओळींत लिहावे. सोबत पानाचा फोटो द्यावा. मराठीतच लिहावे, त्यात कमीपणा कसला? असा प्रश्न लिहिता लिहिता निम्मे उत्तर आपल्यालाच सापडते.

दुसरी गोष्ट स्वतःच्या डोक्याने विचार करण्याची. ऐकलेले उत्तर वहीत उतरवले की परीक्षा पास होता येते, पण वावर तेवढ्याने ऐकत नाही. पाचट जाळू नका, हे सगळेच सांगतात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते आपल्या जमिनीत कसे कुजेल, हे विद्यार्थ्याने दोन सऱ्यांत करून पाहावे. शेजारच्या दोन सऱ्या जुन्या पद्धतीने ठेवाव्यात आणि दिसेल ते तारीखवार लिहावे. मग वर्गात सांगायला त्याच्याजवळ स्वतःचे काही असेल.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथूनच महात्माजींची नई तालीम पुढे आली. हाताने काम करावे आणि त्यातून शिकावे, हेच तिचे सार. साधन बदलले, पण ही गोष्ट बदलली नाही.

शेवटी पालकांना दोन शब्द. घरात मोबाईल एकच असेल, तर तो पोराच्याच हाती का? पोरीचाही तास ठरवून द्या. आणि मुलाने "बाबा, हे असं का करता?" म्हटले, तर "गप बैस" म्हणू नका. घरी ज्याला विचारू दिले नाही, तो मोबाईलवर तरी काय विचारणार? धुऱ्यावर उभे राहून त्याचे ऐका, आपला अनुभवही सांगा. दोघांनाही उत्तर सापडले नाही, तर प्रश्न लिहून आमच्या शेतकी खात्याकडे पाठवा. नीट लिहिलेल्या प्रश्नाची आम्ही वाट पाहतो.