जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

१९६९ सालीं जपानांत निघालेली डॅटसन २४० झेड ही दोन आसनांची वेगवान मोटार अमेरिकेंतील शौकीन लोक आजहि जिवापाड जपतात. परंतु पुष्कळांची पहिली उडी एंजिनावर पडते, हें आम्हांस रुचत नाहीं. सहा सिलिंडरांचें, २३९३ घन सेंटिमीटरांचें तें एंजिन मूळचेंच दणकट. खरा शत्रु गंज! या मोटारीस निराळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. बॅटरीखालचा पत्रा व तळाच्या तुळया आंतून सडल्या असतां वाढविलेली शक्ति चालकाच्याच जिवावर उठेल. यास्तव आधीं तळ टोचून पाहावा, सडका भाग कापून नवा पत्रा सांधावा. नंतर ब्रेकच्या रबरी नळ्या बदलाव्या. (तरुण मंडळी हंसतील, हंसोत बापडी!) मागील चाकांस ड्रमऐवजीं डिस्क ब्रेक बसविण्याची हौस त्यापुढें खुशाल पुरवावी, आणि कार्ब्युरेटरास हात सर्वांच्या शेवटीं लावावा.