कमान आहे, खिडकी कुठे आहे?

आमच्या एका विद्वान मित्राचा आग्रह असा, की हसनाबादेत यापुढे कोणतीही सरकारी इमारत उठली तर तिच्या तोंडावर अजिंठ्याची चैत्यकमान हवीच. का? निजामी कमानी डोळ्यांत खुपतात. शेजारचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, तेव्हा वारसा आपलाच. आणि दार भव्य असलं की माणूस आपोआप नमतो.

वारशाबद्दल वाद नाही. निजामाचं म्हणाल, तर उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात अजिंठा-वेरूळची शैली इस्लामी शैलीच्या मांडीला मांडी लावून बसली, ती 1939 मध्ये, त्याच्याच राज्यात. निजाम पुसायला निघालेले हे गृहस्थ गिरवताहेत त्याचाच कित्ता.

पण चैत्यकमान! अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्यापुढे जाऊन उभं राहावं. नालेच्या आकाराची ती कमान म्हणजे खिडकी आहे हो, खिडकी! कातळाच्या पोटातल्या स्तूपापर्यंत उजेड पोचतो तो तिच्यातून. आमच्याकडे तिचं काय होतं? विटांची भिंत, भिंतीवर सिमेंटची कमान, तिला गेरूचा रंग, आणि आरपार भोक कुठेच नाही. आत भरदुपारी ट्यूबलाइट. वीज गेली की कारकून बाहेर. मित्र लगेच म्हणतील, वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातले दगडी वासे तरी कुठलं छप्पर तोलतात? नाहीच तोलत. पण तिथेही खिडकी उघडी आहे, आत बुद्ध दिसतो. इथे आत तलाठीसुद्धा दिसत नाहीत.

मागे एका गावात कार्यालयाला शिखर हवं की नको, यावर आम्ही असंच भांडलो होतो. शिखर झालं, पाण्याची टाकी राहिली.

राहता राहिलं नमणं. मुंबईत 1878 साली पुरी झालेली हायकोर्टाची इमारत चांगली मान वर करायला लावते. तिच्याच दगडात एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, तराजू धरलेलं माकड कोरलंय. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. नमस्कार तरी दिसत नाही.

मग हवं काय? रुंद ओसरी. मे महिन्यात सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला तिथे सावलीत टेकता यावं. म्हातारीला चढवेल असा उतार. 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही तेच सांगतो. आणि कारकुनाशी बोलताना कंबरेत वाकावं लागू नये इतक्या उंचीवर खिडकी. प्रतीक पाहिजेच असेल तर हे घ्या. फीत कापताना फोटोत ओसरी उठून दिसत नाही, एवढी अडचण मात्र मला कबूल आहे.