राज्यसभा सावकाश का बदलते?

आपल्या साखऱ्याच्या ग्रामपंचायतीत एका निवडणुकीने सगळे सदस्य बदलू शकतात. राज्यसभेचे, म्हणजे ऐवान-ए-बालाचे तसे नाही. तिचा सदस्य सहा वर्षांसाठी असतो आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश सदस्यच निवृत्त होतात.

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर बंधने आली, विरोधी नेते तुरुंगात गेले. मार्च १९७७ मध्ये लोकांनी शांतपणे मत देऊन सरकार बदलले. लोकसभेत जनता पक्षाला बहुमत मिळाले. राज्यसभेत मात्र १९७८ च्या निवडणुकीनंतरही ते मिळाले नाही.

त्याच वर्षी घटनादुरुस्ती विधेयकातील पाच कलमे राज्यसभेने फेटाळली. घटनेच्या गाभ्याला हात लावण्यापूर्वी जनतेचा कौल घ्यावा, असे त्यांतले एक होते. ते गेले याचे मला वाईट वाटते. मग लोकांनी निवडलेल्या सरकारला अडवणारे हे सभागृह हवेच कशाला, असे काही जण विचारतात. मला ते पटत नाही. आणीबाणीत सहा वर्षे केलेली लोकसभेची मुदत पुन्हा पाच करायला याच राज्यसभेने संमती दिली. (ती सहा करणारी ४२वी दुरुस्तीही १९७६ मध्ये इथेच मंजूर झाली होती, हे विसरू नये!) पुन्हा आणीबाणी लादणे कठीण करणारी तरतूदही दोन्ही सभागृहांनी मिळून केली. एकाच पक्षाच्या हाती सगळे असते, तर इतकी चर्चा झाली असती का?

महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ सदस्य आहेत. त्यांना विधानसभेचे आमदार निवडतात. तुमचे अम्मी-अब्बा मत देऊन ज्याला आमदार करतात, तोच पुढे मुंबईत राज्यसभेसाठी मत देतो.