काढाही औषधच आहे

कोरोनाच्या काळात आपल्या वस्तीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. झाडपाल्याने कसला अपाय, असे आम्हीही म्हणत होतो. पण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद तज्ज्ञांचा. आमचे म्हणणे एवढेच : जे गुण देते, ते अपायही करू शकते.

गोळी लिहिताना डॉक्टर काढ्याचे विचारत नाहीत. रागावतील म्हणून आपण सांगत नाही. धोका या गप्प बसण्यात आहे. परंपरेने आले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग चिठ्ठीपुढेही मुके का राहायचे? काढा सांगा, गोळी कशासाठी ते विचारा. जय भीम!