ड्रेडलॉक्स म्हणजे निगेचा अभाव नव्हे : केसांवरील एका आरोपाचा इतिहास

१.
ड्रेडलॉक्स राखलेला माणूस दिसला की दोन शेरे हमखास ऐकू येतात. पहिला तुच्छतेचा : 'हा केस धूत नसणार.' दुसरा अभिमानाचा : 'हे तर आपल्या शंकराच्या जटांवरूनच घेतलेले आहे.' वरकरणी हे शेरे परस्परांपासून फार दूर आहेत, तरी दोहोंत उणीव एकच आहे. ज्याच्या मस्तकावर ते केस आहेत त्याचे श्रम आणि त्याचा निर्णय यांपैकी काहीही त्यांत जमेस धरलेले नाही. हे दोन्ही जमेस धरल्यावाचून ड्रेडलॉक्सचा इतिहास समजत नाही, हेच प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन.

२.
प्रथम केसांविषयी. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे केस घट्ट वेटोळ्यांचे असतात. केसाचे मूळ त्वचेखाली वाकडे असते आणि केसाचा छेद वर्तुळाकार नसून चपटा, लंबगोल असतो. प्रत्येक माणसाचे दिवसाकाठी साधारण ५० ते १०० केस गळतात. सरळ केस गळून खाली पडतात. वेटोळ्यांचे केस मात्र शेजारच्या केसांत अडकून राहतात. रसायनाने सरळ न केलेल्या अशा केसांच्या बटा फणीवाचून राहू दिल्या की गळलेले आणि वाढणारे केस एकमेकांत गुंततात आणि कालांतराने त्यांचा घट्ट दोर तयार होतो. हाच ड्रेडलॉक.

३.
हे आपोआप होते म्हणजे निष्काळजीपणाने होते, असा समज करून घेऊ नये. सुरुवात करण्याच्या रीती अनेक आहेत. कोणी केसांचे चौकोनी भाग पाडून प्रत्येक बट बोटांनी वळतो. कोणी दोन पदरांचा पीळ घालतो. कोणी कंगव्याच्या टोकाने मुळापासून वेटोळे वळवतो. कोणी भाग न पाडता केस मोकळे वाढू देतो. पण त्यालाही शेजारच्या बटा मुळाशी एकजीव होऊ नयेत म्हणून त्या वेळोवेळी हाताने सुट्या कराव्या लागतात. बटा पक्क्या होण्यास कित्येक महिने, क्वचित दोन वर्षेही लागतात. या काळात त्या फुगतात, आखडतात, कधी सुटतात. हा काळ धीराने काढावा लागतो.

४.
आता धुण्याविषयी. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ केस एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून केस धुणे हे बटा जमण्यास साहाय्यकच ठरते. अडचण निराळीच असते. मेण आणि जाड मलम बटेच्या गाभ्यात साचून राहते व नंतर निघता निघत नाही. जाड बट आतून ओली राहिली तर तिला बुरशीचा कुबट वास येतो. म्हणून जाणकार मंडळी थोडा आणि पातळ केलेला शाम्पू टाळूवर चोळतात, भरपूर पाण्याने खळबळून काढतात, बटा हातांनी पिळतात आणि पूर्ण वाळल्यावाचून झोपत नाहीत.

५.
निगेतील आणखी एक पथ्य ताणाचे आहे. मुळाशी वाढलेले केस पुन्हा वळण्याची घाई केली, किंवा आकडीने ते बटेतून वारंवार ओढून घेतले, तर कपाळाजवळचे व कानशिलांवरचे केस ताणाने विरळ होतात. दीर्घकाळ ताण राहिला तर ते परत येतही नाहीत. वेटोळ्यांच्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत सहजी उतरत नाही, म्हणून त्यांना हलका ओलावा लागतो. रात्री साटीनचे वस्त्र बांधतात, म्हणजे उशीच्या कापडाशी घर्षण होत नाही. जमैकातील अनेक रास्ताफारी कारखानी शाम्पूऐवजी कोरफड वापरतात. ही सारी शिस्तच आहे.

६.
इतकी निगा मागणाऱ्या रचनेवर अस्वच्छतेचा शिक्का बसला कसा? त्याचे उत्तर वसाहतींच्या समाजरचनेत आहे. गुलामगिरीच्या काळापासून अटलांटिकच्या पश्चिमेकडे युरोपीय सरळ केस हे सभ्यतेचे माप ठरले. वेटोळ्यांचे केस मुळातच 'बिघडलेले', म्हणून दुरुस्त करावयाचे, असा समज शाळा, चर्च आणि कचेरी या तिन्ही ठिकाणी रुजला. विसाव्या शतकात तापवलेल्या धातूच्या फण्या आणि सोडियम हायड्रॉक्साइडची दाहक मलमे यांनी केस सरळ करणे हा घराघरांतला परिपाठ झाला. टाळू भाजली तरी चालेल, परंतु केस 'नीट' दिसले पाहिजेत!

७.
केसांवरून माणसाची किंमत ठरविण्याचे टोक दक्षिण आफ्रिकेने गाठले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकाला एका वंशगटात टाकले. संशयाच्या प्रकरणी 'पेन्सिल चाचणी' केली जाई : केसांत पेन्सिल खोचायची, ती खाली पडली तर माणूस एका गटात, अडकून राहिली तर दुसऱ्या. या एका चाचणीने एकाच कुटुंबातील सख्खी माणसेही वेगळ्या वंशांत विभागली जाऊ शकत. केसांचा प्रश्न हा केवळ शृंगाराचा प्रश्न का नाही, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरे.

८.
या पार्श्वभूमीवर जमैकातील रास्ताफारी पंथाकडे पाहावे. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात हेले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला. जमैकातील गरीब कृष्णवर्णीयांपैकी काहींना त्यात दैवी संकेत दिसला, आणि लेनर्ड हॉवेल यांच्यासारख्या प्रचारकांनी १९३३ च्या सुमारास त्या श्रद्धेचा प्रसार आरंभिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आरंभीच्या रास्ताफारींची ठळक खूण दाढी ही होती. जटा नंतर आल्या.

९.
त्या नेमक्या कोणी आणल्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हॉवेल यांनी १९४० मध्ये वसवलेल्या 'पिनॅकल' या वसाहतीच्या रखवालदारांनी प्रथम जटा राखल्या, असे एक मत. केनियातील माउ माउ बंडखोरांची छायाचित्रे पाहून हे वळण आले, असे दुसरे. समाजशास्त्रज्ञ बॅरी शेव्हान्स यांनी श्रेय दिले ते १९४९ मध्ये किंग्स्टनमध्ये उभ्या राहिलेल्या 'यूथ ब्लॅक फेथ' या तरुणांच्या गटाला. या तरुणांच्या दृष्टीने केस विंचरणे म्हणजे ज्या समाजाने दूर लोटले त्याच्याच नियमाला मान तुकविणे. मग फणी ठेवणारे आणि फणी टाकणारे अशी पंथातच दोन 'घराणी' पडली; कालांतराने फणी टाकणाऱ्यांचे घराणे वरचढ ठरले.

१०.
या निर्णयाला धर्माचा आधारही होता. बायबलच्या जुन्या करारातील 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाझीर व्रताचा नियम आहे : व्रतस्थाने मस्तकाला वस्तरा लावू नये. शमशोनाच्या सात बटांची कथा त्याच परंपरेतली. ज्या ग्रंथाच्या नावाने गुलामांना आज्ञाधारकपणा शिकविला गेला, त्याच ग्रंथातून त्यांच्या वंशजांनी स्वतःच्या केसांचा हक्क शोधून काढला. एवढ्या विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला आळस म्हणणे हे अन्यायाचे आहे.

११.
या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळील कोरल गार्डन्स येथे पेट्रोल पंपावर हल्ला झाला. त्या दिवसाच्या हिंसाचारात पोलिसांसह आठ जण मरण पावले. त्यानंतर सरसकट रास्ताफारींची धरपकड झाली. घटनेशी काडीचाही संबंध नसलेल्यांना मारहाण झाली, तुरुंगात टाकले गेले आणि त्यांच्या जटा बळजबरीने कापल्या गेल्या. स्वतंत्र होऊन वर्षही न झालेल्या देशाने आपल्याच नागरिकांवर हे केले. सरकारची क्षमायाचना येण्यास २०१७ साल उजाडले. विधवांच्या सक्तीच्या केशवपनाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला, दुसऱ्याच्या हातातील वस्तरा काय करू शकतो, हे वेगळे सांगावयास नको.

१२.
केनियातील कथा याच्या उलट दिशेची. ब्रिटिश सत्तेविरुद्ध जंगलात लढणाऱ्या माउ माउ सैनिकांचे केस वाढून त्यांच्या जटा झाल्या. नेते देदान किमाथी पकडले गेले तेव्हाच्या छायाचित्रात त्या स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. त्याच लढ्यातील फील्ड मार्शल मुथोनी वा किरिमा यांनी मात्र स्वातंत्र्यानंतरही सुमारे सहा दशके आपल्या जटा राखल्या. अखेर २०२२ मध्ये त्यांनी त्या समारंभपूर्वक उतरविल्या; कात्री चालविली ती जोमो केन्याटा यांच्या पत्नी मामा न्गिना यांनी. केस ठेवण्याचा निर्णय त्यांचा, आणि उतरविण्याचाही त्यांचाच.

१३.
आता अभिमानाच्या शेऱ्याकडे. त्यात तथ्य अजिबात नाही, असे नव्हे. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय करारबद्ध मजूर म्हणून जमैकात गेले. त्यांतील बरेचसे आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील होते. 'गांजा' हा शब्द तिथे त्यांच्याबरोबर गेला. हॉवेल यांनी लेखनासाठी घेतलेल्या 'गांगुंगुरु मराग' या टोपणनावात हिंदी शब्दांचा ध्वनी आहे. अजय आणि लक्ष्मी मानसिंग या अभ्यासकांनी रास्ताफारींवरील हिंदू प्रभावाची मांडणीही केली आहे.

१४.
परंतु प्रभाव असणे आणि उगम असणे यांत अंतर आहे. मजूर १८४५ मध्ये आले. पंथ १९३० च्या दशकात जन्मला. जटा ही त्याची ओळख बनली ती आणखी दीड-दोन दशकांनी, आणि तीही फणी ठेवावी की टाकावी या अंतर्गत वादातून. जटा राखणारे समाज जगात इतरही आहेत. नामिबियातील हिंबा स्त्रिया लोणी आणि गेरू यांच्या लेपाने बटा घडवितात. सेनेगलमधील बाय फाल हे मुस्लिम पंथीयही जटा राखतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्यातील साधूंच्या जटा आपल्या जागी थोर आहेत. पण संन्याशाने संसार सोडताना वाढविलेल्या जटा आणि संसारात हक्काची जागा मागताना वाढविलेल्या जटा यांचा अर्थ एक नव्हे. सर्व श्रेय भारताच्या पदरात टाकण्याने भारताचे मोठेपण वाढत नाही. केवळ ट्रेंच टाउनमधील त्या तरुणांचा निर्णय पुसला जातो.

१५.
महाराष्ट्राला या विषयात खरोखर काही शिकावयाचे असेल तर ते 'जट' या शब्दापाशी आहे. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडील बेळगाव या पट्ट्यात मुलीच्या केसांत गुंता झाला की तो यल्लम्माचे बोलावणे मानण्याची रूढी होती, आणि ती पुरती गेलेली नाही. त्यावर भंडारा लावायचा, फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. कोप होईल ही भीती. अनेक मुली याच खुणेवरून देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. जट वाढून मान दुखते, टाळूवर फोड येतात, उवा होतात. तरी बाईला ती उतरविण्याची मुभा नाही.

१६.
दुरून पाहणाऱ्यास ही जट आणि तो ड्रेडलॉक सारखेच दिसतील. भेद दोन बाबींत आहे. ड्रेडलॉकमागे निगा आहे, जटेला निगाच वर्ज्य आहे. ड्रेडलॉक राखणाऱ्याने तो स्वतः निवडला आहे. जट त्या बाईवर लादली गेली आहे. म्हणूनच महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत काढून, बाईच्या संमतीने जट सोडवितात तेव्हा ते काम मुक्तीचे ठरते. आणि कोरल गार्डन्सनंतर पोलिसांनी जटा कापल्या तेव्हा तो अत्याचार ठरतो. कृती तीच, पण संमती एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

१७.
हा वाद संपलेला नाही. अमेरिकेत २०१० मध्ये अलाबामातील एका कृष्णवर्णीय तरुणीला, ड्रेडलॉक्स कापण्यास नकार दिल्यामुळे, देऊ केलेली नोकरी नाकारण्यात आली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या विरोधात कौल दिला : वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते, असा तर्क. या तर्काला उत्तर म्हणून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने 'क्राउन कायदा' करून केसांवरून होणारा भेदभाव हा वंशभेद ठरविला. पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. केनियात २०१९ मध्ये आणि मलावीत २०२३ मध्ये उच्च न्यायालयांनी रास्ताफारी मुलांना जटांसह शाळेत बसण्याचा हक्क मान्य केला.

१८.
गोव्याच्या किनाऱ्यांवर आज सरळ केसांत उलटी फणी मारून, आकडीने गुंफून ड्रेडलॉक्स करून मिळतात. हौसेने ते करून घेणाऱ्या मराठी तरुणाला कोणी अडवू नये. त्याच्या मस्तकावरही त्याचाच हक्क आहे. मात्र सुट्टी संपल्यावर त्या बटा कापून तो निर्धास्तपणे मुलाखतीस जाऊ शकतो, आणि आफ्रिकी वंशाच्या मुलीला तिच्या उपजत केसांसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, एवढे भान त्याने राखावे. आणि त्याच्यासमोर कोणी 'हे लोक केस धुतात तरी का?' असे विचारले, तर धुण्याची नेमकी रीत त्याला सांगता यावी.