परतीची वेळ

पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर, या दोहोंच्या मध्ये घणसोली हे जुने गाव वसले आहे. आज त्याच्या सभोवती नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि गावातील वृद्ध माणसे अजूनही तिथीवरून खाडीच्या पाण्याचा अंदाज सांगतात. परवा अशाच एका आजोबांच्या ओटीवर काही मुले जमली होती. नाताळच्या सुट्टीत वडीलधाऱ्यांसोबत हरिश्चंद्रगडावर जाण्याचा त्यांचा बेत होता. एकाने वही उघडताच दुसरा हसून म्हणाला, "अरे, आपण सहलीला चाललो आहोत की परीक्षेला? सारे आधीच ठरवले, तर मौज ती काय राहिली?"

मुलांनो, हा प्रश्न तुमच्याही मनात येत असेल. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

हरिश्चंद्रगड म्हणजे बागेतील टेकडी नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे १,४२४ मीटर उंचीचा हा बिकट डोंगर उभा आहे. ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमा त्याच्या परिसरात एकत्र येतात. गडावर पुरातन मंदिर आहे, थंडगार पाण्याने भरलेली केदारेश्वराची गुहा आहे आणि पश्चिमेला नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला कोकणकडा आहे. भोवती दाट अरण्य आहे. धुके उतरले की दहा पावलांवरची वाटही दिसेनाशी होते. अशा ठिकाणी घरी विसरलेली लहानशी वस्तूदेखील मोठे संकट ओढवून आणते.

मग योजना कशी करावी? प्रथम ऋतू पाहावा. पावसाळ्यात खडक निसरडे होतात आणि उन्हाळ्यात ऊन अंग भाजून काढते; हिवाळा त्यातल्या त्यात सोयीचा. मग वाट निवडावी. कल्याणहून माळशेज घाटाने खुबी फाट्यापर्यंत जाता येते. तेथून खिरेश्वर गाव आणि पुढे टोलार खिंडीची वाट लागते. खिंडीच्या वरचा खडकाळ चढ लोखंडी कठड्यांच्या आधाराने चढावा लागतो. पायथ्याच्या गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. कारण नकाशा वाट दाखवतो, परंतु काल कोठे दरड कोसळली हे गावकऱ्यालाच ठाऊक असते. पाणी, विजेरी, शिधा आणि औषधे यांची यादी करावी. आपण कोठे जाणार व केव्हा परतणार, हे घरी लिहून ठेवावे.

परंतु माझ्या मते या साऱ्यांहून महत्त्वाची गोष्ट एकच आहे : मागे फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवणे. समजा, आदल्या रात्री खिरेश्वरला मुक्काम करून सकाळी सातला आपण चढू लागलो. उतरायला चार तास लागतील असे धरू. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा दुपारी एक वाजता जेथे असू तेथून परतलो, तर पाचला गावात पोहोचू आणि अडचणीसाठी एक तास हाती राहील. हा हिशेब घरी बसून सहज सुटतो. माथा समोर दिसत असताना मन तो मांडू देत नाही, "आणखी थोडेच!" असे ते सांगत राहते. म्हणून निर्णय आधीच झालेला असावा.

कोणी म्हणेल, माथा जवळ असताना परतणे हा भित्रेपणा होय. त्याला १९५३ सालची एव्हरेस्टची मोहीम आठवायला सांगावी. २६ मे रोजी टॉम बॉर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरावर पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणी चढल्याची नोंद नव्हती. मुख्य शिखर आता केवळ शंभर मीटरच्या आसपास वर राहिले होते. परंतु वेळ टळून गेली होती आणि इव्हान्सच्या प्राणवायूच्या उपकरणात बिघाड झाला होता. दोघे मागे फिरले आणि जिवंत परतले. तीनच दिवसांनी, २९ मे रोजी, त्याच मोहिमेतील तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. पहिल्या दोघांना भित्रे म्हणण्याचे धाडस कोण करील?

ओटीवरचे आजोबा हे सारे ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "पोरांनो, पुनवेला अन् अवसेला खाडीला उधाण येते. पाणी न पाहता होडी सोडणाऱ्याला आमच्या वेळी कोणी शूर म्हणत नसे. होडी काठाला ठेवणाऱ्याला कोणी भित्राही म्हणत नसे. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीत जात असे."

हसणारा मुलगा गप्प झाला. त्याने स्वतःच वही जवळ ओढली आणि पहिली ओळ लिहिली : 'दुपारी एक वाजता परत.'

योजनेने साहसातील मौज कमी होत नाही. डोंगर शतकानुशतके जागच्या जागी उभा आहे आणि उद्याही तो तेथेच असेल. त्याला पुन्हा भेटण्यासाठी आपण सुखरूप घरी परतलो, तरच ते साहस सफळ झाले असे म्हणावे.