भिंतींचा रंग आणि हातांची विद्या

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरील रंगीत घरे पाहून प्रवासी हरखतो. परंतु सुईची लेस शिकविणारी तेथील शाळा १८७२ मध्ये निघाली आणि १९७० मध्ये बंद पडली. भिंतींचा रंग टिकला, हातांची विद्या ओसरली. बंगळूरच्या जे. पी. नगरातून चन्नपट्टणची खेळणी पाहावयास जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. तेथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकते, घर्षणाच्या उष्णतेने रंग चढतो, केवड्याच्या पानाने झिलई येते. खेळणे विकत घेता येते. ही कृती सांगणारे कारागिरांचे शब्द मात्र कोणी घेऊन येत नाही. मराठीतला ‘कातारी’ आज बहुतेकांना कोशातच शोधावा लागतो. कारागिरीची परिभाषा टिपून ठेवणे, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी आपलेच काम मानले पाहिजे.